पांडव नव्हतेच तिथे
सकाळी भाच्याला घेऊन नाशिकच्या पांडवलेण्यांवर चढलो. अर्ध्या पायऱ्यांवर मला धाप लागली, तो मात्र वर जाऊन ओरडतोय, "मामा, भीमाची खोली कुठली?" ही बौद्ध लेणी, पांडवांचा संबंध नाही म्हटल्यावर तोंडच पडलं त्याचं.

मग 3 नंबरच्या लेण्याशी नेलं. दरवाजापाशी दगड खांद्यावर पेलणारे ते बुटके यक्ष बघून स्वारी खूश! आत गेल्यावर त्याला सांगितलं, इथला मोठा लेख एका आईचा आहे. गौतमी बलश्रीने मुलाचं, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचं, कौतुक कोरून ठेवलंय. त्यावर साहेब म्हणतात, "माझी आई तर फक्त तक्रारी सांगते."

मला खरी मजा 18 नंबरच्या चैत्यगृहात, म्हणजे प्रार्थनेच्या दालनात येते. तिथे दारावर ब्राह्मी अक्षरांत नाशिककरांच्या दानाचा उल्लेख आहे. म्हणजे मधलं मुघलांच्या काळातलं गुलशनाबाद हे नाव वगैरे येऊन गेलं, पण आपलं नाव दोन हजार वर्षं टिकलं.

खाली उतरताना पश्चिमेला डोंगर दाखवले. गोदावरी उगम पावते त्या ब्रह्मगिरीवरून अरबी समुद्र जवळ, तरी आपली गोदा उलटी पूर्वेला 1,465 किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. "का?" सह्याद्रीचा उतारच तिकडे, म्हटलं. पटलं की भूक लागली होती, देव जाणे. मिसळीवर तीन पाव खाल्ले त्याने.