आमची वाटचाल : दांडिया बाजारातून निघालेला फराळ

आमचा फराळाचा व्यवसाय उभा राहिला तो आईच्या चकलीच्या भाजणीवर. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरी ती ओळखीपाळखीच्यांना चकल्या करून द्यायची. ताई लग्न होऊन न्यू जर्सीला गेली, दिवाळीला तिला डबा पाठवला आणि तिच्या मैत्रिणी मागे लागल्या.

पहिली मोठी चूक माझीच. परदेशातल्या मराठी माणसाला पुण्याची चव हवी, असं धरून मी चिवड्यातली साखर कमी केली, वरियाळी, म्हणजे बडीशेप, काढलीच. मूळच्या बडोद्याच्याच, रावपुऱ्यातल्या एका ताईंचा फोन आला, "दादा, चिवडा छान आहे, पण आमच्या घरचा नाही हो."

तो फोन मला फार लागला. आम्ही बडोदेकर गायकवाडांबरोबर इथे आलो, त्याला पिढ्या लोटल्या. घरात आरती मराठी, ओट्यावरच्या गप्पा गुजराती. आपल्या उसळीवर इथे शेव आणि तरी पडली, तिची सेव-उसळ झाली, आणि आज ती अख्ख्या शहराची आहे. पुण्याचे पाहुणे आमच्या आमटीतल्या गुळाला हसायचे, तेव्हा लहानपणी मला ओशाळल्यासारखं व्हायचं. त्या फोननंतर चिवडा पुन्हा आईच्या हातचा झाला.

ऑस्ट्रेलियात दुधाच्या पदार्थांची तपासणी कडक, म्हणून तिकडे खव्याचं काही जात नाही. चकली, शंकरपाळे, कडबोळी जातात.

लेस्टरच्या एका गुजराती बांची, म्हणजे आजींची, ऑर्डर मात्र दरवर्षी मी स्वतः बांधतो. जन्म कंपाल्याचा, शिक्षण बडोद्यात. 1972 मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना 90 दिवसांत युगांडा सोडायला लावला, तेव्हा भरला संसार टाकून त्या इंग्लंडला गेल्या. त्यांना हवा असतो सेव-उसळीचा मसाला, आणि तो त्या घालतात तळलेल्या मोगोवर. मोगो म्हणजे आपला साबुदाणा ज्या कंदाचा होतो, तोच. आफ्रिकेतला कंद, बडोद्याचा मसाला, लेस्टरचं स्वयंपाकघर. त्यांना यात काहीच परकं वाटत नाही, आणि मलाही नाही.

यंदा ऑर्डर त्यांच्या नातीने दिली, इंग्रजीत. शेवटी एवढंच गुजरातीत लिहिलं होतं : 'बानो मसालो', दोन पाकिटं. मी तीन घातली, आणि बाजूला आईच्या चकल्या.