पायपेटीवाले काका

आज वेंगुर्ल्याच्या बंदरावर दशावतारी नाटकात पायपेटी (पायाने भाता मारायची हार्मोनियम) वाजवणाऱ्या काकांशी तासभर गप्पा झाल्या. कार्तिकातल्या जत्रांपासून पाऊस तोंडावर येईपर्यंत रात्री नाटक, दिवसा झोप. छापील संहिता नसतेच. नट ऐनवेळी काय बोलेल, कुठल्या पट्टीत उचलेल, नेम नाही. "मगे तुमका कळता कसा?" विचारलं. "तेच्या गळ्याची शीर बघूची लागता," म्हणाले. पावसात काय, तर भातलावणी. लेंगा वर करून पोटऱ्या दाखवल्या, भाता मारून मारून दगड झालेल्या. पैशांचं काढलं तर त्यांनी चहाच मागवला! (मी पण ना, काय विचारायला गेले.) पोरगा डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनांच्या सामन्यात, पखवाज वाजवतो, तिथे बिदागी बरी मिळते म्हणे. हे सांगताना आवाज जरा उतरला. की मलाच तसं वाटलं?