लांबीखालची पितळी नळी

जुन्या उघड्या मोटारींचे टप शिवणं हे माझं काम. परवा 1920च्या दशकातली दोन आसनी मोटार आली. कागदावर 'कॅब्रिओले', दारांत खालीवर होणाऱ्या काचा. मालक म्हणाले, "टप नवा शिवा, काचा घट्ट बसवा. गाडी मुळात होती तशी दिसली पाहिजे."

दाराचं अस्तर उसवलं आणि खटकलं. ॲश लाकडाच्या चौकटीत काचेसाठी पाडलेली खाच ओबडधोबड होती, करवतीचे चरे तसेच ठेवलेले. शेजारचे मूळ सांधे मात्र हात फिरवला तरी लागत नव्हते. दाराच्या वरच्या कडेवर रंगाखाली दोन गोल खळगे नखाला जाणवले. खळगे बुजवणारी लांबी, म्हणजे पुट्टी, खरवडली, तर आत पितळेची नळी. दुसऱ्या दारालाही तशाच दोन.

"ताई, हे कशाला असतं?" मदतनीस मुलाने विचारलं.

बाजूचे पडदे लावायच्या सळया त्यात रोवतात. म्हणजे ही मुळात कॅब्रिओले नव्हेच, दारांत काचा नसलेली रोडस्टर!

लोकांना ही नावं नुसती शोभेची वाटतात, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. ती बहुतेक घोडागाड्यांकडून आली आहेत. फेटन हे ग्रीक सूर्यदेवाच्या मुलाचं नाव. बापाचा रथ हाकायला घेतला आणि त्याला तो आवरला नाही. हलक्या, वेगवान गाडीला ते चिकटलं. लँडो जर्मनीतल्या लांडाऊ गावावरून. तिचा टप दोन भागांचा, पुढून आणि मागून उचलून मधे जोडायचा. कॅब्रिओलेच्या मुळाशी उड्या मारणं या अर्थाचा फ्रेंच शब्द आहे, कारण ती दुचाकी घोडागाडी तशीच उसळत जायची. डॅशबोर्डसुद्धा घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अडवणारी फळी होता.

मोटारींच्या काळात मात्र खरा प्रश्न पावसाचा होता. रोडस्टरला सेल्युलॉइडच्या, म्हणजे जुन्या पारदर्शक प्लास्टिकच्या, खिडक्यांचे सुटे पडदे, कॅब्रिओलेला दारातच काच. 1922 मध्ये एसेक्स या अमेरिकी मोटार कंपनीने स्वस्त बंद मोटार आणली, मग बंद गाड्यांची लाटच आली, आणि उघड्या गाडीवाल्यांनाही काच हवीशी वाटू लागली. या गाडीच्या दारांवर करवत चालली ती बहुधा त्यापायीच.

मालकांना बोलावून नळ्या दाखवल्या. त्यांचा चेहरा पडला. मी मागची डिकी उघडली. आपण सामानाच्या कप्प्याला डिकी म्हणतो ना, तो शब्द तिथे उघडणाऱ्या जादा आसनाचा. त्या आसनाच्या गादीमागे हात घातला, तर एक गुंडाळी लागली. कडक झालेलं कापड, चहासारखं पिवळं पडलेलं सेल्युलॉइड आणि शिवणीत अडकलेली एक गंजकी सळई.

मालकांनी सळई नळीत घातली. अर्ध्यावर अडली. मी आतली उरलेली लांबी टोच्याने काढली, तशी ती थेट तळाशी जाऊन बसली.

"पाऊस आला की गाडी थांबवून हे लावायचे?"

"हो. आणि लावेपर्यंत भिजायचे."

ते बराच वेळ सळईला हात लावून उभे राहिले. मग म्हणाले, "काचा काढून टाका."

त्याच संध्याकाळी मी पडद्याची गुंडाळी वाफेवर धरली, हळूहळू उलगडली आणि तिच्यावरून कागदी नमुना कापायला घेतला.