अंधाराची घटका

जैतुनांच्या डोंगरावरून आम्ही निघालो तेव्हा नुकतंच उजाडलं होतं. आम्ही अठरा जण, सोबत आमचे पाळक. माथ्यावरून उतरायचं, किद्रोनची दरी ओलांडायची, सिंहद्वारातून जुन्या यरुशलेमेत शिरायचं आणि येशूला वधस्तंभावर दिलं त्या गुलगुथ्याला पोचायचं. अंतर फार नाही, न थांबता चाललं तर तासाभराचं. आम्हाला संध्याकाळ झाली.

माझ्या बायबलमध्ये तेराव्या स्तोत्राच्या पानात एक घडी घातलेला कागद होता. माझ्या धाकट्या भावाला गाडीखाली चिरडणारा माणूस पुराव्याअभावी निर्दोष सुटला, त्या निकालाचं शेवटचं पान. नऊ वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या आणि हातात आला तो तेवढाच कागद. "किती काळ?" असं विचारणारं ते स्तोत्र, म्हणून कागद तिथे ठेवला होता. उपासनेत 'देव राज्य करतो' हे गायची वेळ आली की माझा आवाज मधेच बसायचा. विश्वास सुटला नव्हता. पण सगळं देवाच्या हातात आहे, तर तो दिवस कुणाच्या हातात होता, हे मला कुणी सांगत नव्हतं.

उतारावर यहुदी लोकांची कबरस्तानं आहेत. हजारो कबरी, पांढऱ्या दगडाच्या, आणि त्यांवर भेटायला आलेल्यांनी ठेवलेले छोटे छोटे खडे. मसीहा येईल तेव्हा मेलेले इथूनच आधी उठतील, या आशेने शतकानुशतकं लोकांनी आपली माणसं इथे आणून पुरली. त्या खड्यांकडे बघत मी खाली आले.

मधेच एक लहानसं देऊळ लागतं, अश्रूच्या थेंबाच्या आकाराचं. 1955 साली बांधलेलं. वेदीमागे मोठी खिडकी आणि खिडकीत अख्खं शहर. येशू या शहराकडे बघून रडला ती ही जागा, असं मानतात. लूकच्या शुभवर्तमानात एकोणिसाव्या अध्यायात तो प्रसंग आहे. शेकडो वेळा वाचलेला, तरी एक गोष्ट तिथे बसल्यावरच माझ्या ध्यानात आली: लोक त्याचा राजा म्हणून जयजयकार करत होते, त्याच वाटेवर तो रडला. देवाचं राज्य म्हणजे फार उंचावर बसलेलं, कशानेच न हलणारं कुणीतरी, असं चित्र मी इतकी वर्षं मनात धरलं होतं आणि त्या चित्राशीच भांडत होते. हा राजा तर शहराचं काय होणार हे ठाऊक असूनही ढसाढसा रडतो. वेदीच्या पुढच्या बाजूला पंख पसरलेली कोंबडी आणि तिच्याखाली पिल्लं, असं रंगीत खड्यांचं चित्र आहे. मी तिथून लवकर उठले नाही.

येशूला अटक झाली त्या गेथशेमाने बागेत जैतुनाची आठ जुनी झाडं आहेत. खोडं पोकळ, पिळवटलेली, आणि वर कोवळी पानं. त्यांतल्या तिघांची खोडं तपासली तेव्हा ती बाराव्या शतकाच्या आसपासची निघाली. मुळं त्याहून जुनी असू शकतात. शेजारच्या देवळात मुद्दाम अंधूक उजेड ठेवलाय आणि वेदीसमोर उघडा खडक आहे. तिथे पाळकांनी अटकेचा भाग वाचला. धरायला आलेल्यांना येशू म्हणतो की ही तुमची घटका आहे, अंधाराची सत्ता आहे.

घटका! आपल्याकडे पाण्यावर घटिकापात्र ठेवायचे, बुडाला बारीक भोक पाडलेलं. ते भरलं की बुडायचं आणि घटका संपायची. चोवीस मिनिटं. अंधाराला सत्ता मिळाली हे येशू नाकारत नाही, पण ती मिळाली ती मोजून. पात्र पाण्यावर ठेवणारा हात दुसऱ्याचा आहे.

वधस्तंभ घेऊन येशू चालला ती क्रूसाची वाट एका शाळेच्या आवारातून सुरू होते. पहिला थांबा, येशूला मरणाची शिक्षा देणाऱ्या रोमी सुभेदार पिलाताचा निकाल. तिथे माझे पाय जड झाले. न्यायासनावरचा माणूस, समोर निरपराध आरोपी, आणि हात धुणं. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, चौथा अध्याय: हेरोद राजा आणि पिलात एकत्र आले ते देवाने आधीच ठरवलेलं घडवण्यासाठी, अशी प्रार्थना पहिल्या मंडळीने केली. पण म्हणून तिने पिलाताला निर्दोष म्हटलं नाही. दुष्टपणा दुष्टपणाच राहिला, त्याचं चांगलं नाव ठेवलं गेलं नाही. तरीही तो देवाच्या हाताबाहेर गेला नाही. भावाच्या मरणाला 'देवाची इच्छा' म्हणून झाकून टाकणाऱ्यांवर मी चिडायचे, ते चुकीचं नव्हतं, हे मला तिथे कळलं.

पुढची वाट अरुंद, बाजारातून जाणारी. चौदा थांब्यांपैकी सगळेच शुभवर्तमानात नाहीत. तीनदा पडणं आणि वेरोनिका परंपरेतून आले आहेत. आमच्या मंडळीत हे थांबे पाळत नाहीत, म्हणून मी थोडं अंतर राखूनच चालत होते. पाचव्या थांब्याशी भिंतीत एक दगड आहे, यात्रेकरूंच्या हातांनी झिजून मध्ये खोलगट झालेला. कुरेनेकर शिमोनाने वधस्तंभ उचलला ती ही जागा. आमच्यातल्या एक निवृत्त नर्स, सगळे त्यांना मावशीच म्हणत, मागे वळून म्हणाल्या, "ठेव गं हात." ठेवला. दगड गार होता, तळहात त्यात बरोबर बसला.

शेवटचे पाच थांबे पवित्र कबरेच्या देवळातच आहेत; गुलगुथा आणि येशूची कबर दोन्ही तिथेच, असं मानतात. तिथले पूर्वेकडचे ख्रिस्ती त्याला पुनरुत्थानाचं देऊळ म्हणतात आणि मला तेच नाव खरं वाटतं. 335 साली त्याचं समर्पण झालं. 1009 साली खलिफा अल-हाकिमच्या हुकमाने ते पाडलं, कबरेचा खडकही फोडला. पुन्हा उभं राहिलं. 1808 साली आग लागली, 1927 साली भूकंप झाला. 2016 साली कबरेवरची संगमरवरी फरशी उचलली तेव्हा खाली चुनखडीचा मूळ कट्टा अजून होता.

कबरेत शिरायला वाकावं लागतं. आत जेमतेम तीन-चार माणसं मावतात, आणि दारातला साधू लगेच पुढे व्हायला सांगतो. मला मिनिटभरही मिळालं नाही. गुडघे टेकले, फरशीवर कपाळ ठेवलं. आत काहीच नाही. इतक्या लांबून माणसं येतात ती हे काहीच नाही बघायला. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, देवाच्या राजासनाजवळ कोकरा, म्हणजे येशू, उभा आहे, वधल्यासारखा दिसणारा, पण उभा. त्याच्या अंगावरच्या खुणा पुसलेल्या नाहीत. त्या मिनिटात मला भाऊ आठवला, आणि बऱ्याच वर्षांनी गाडी न आठवता आठवला.

बाहेर अंगणात मावशी पायरीवर बसून पाय चोळत होत्या. मी शेजारी बसले, बायबल उघडलं आणि तेराव्या स्तोत्रातला कागद काढला. "फाडतेस की काय?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. प्रकटीकरणाचा विसावा अध्याय काढला, जिथे शेवटच्या न्यायाचं मोठं पांढरं राजासन आहे आणि पुस्तकं उघडली जातात, आणि कागदाची घडी तिथे नीट दाबून ठेवली.