ग्राफ आणि उधारीची वही

आज लातूरच्या गंजगोलाईजवळ एका हॉलमधी मीटिंग होती, पुण्याहून दोन अर्थतज्ज्ञ आलते, आम्ही दहा-बारा व्यापारी, दाळमिलवाले, एक ट्रॅक्टरचा डीलर. विषय काय तर 2025 च्या सप्टेंबरच्या पुरानंतर मराठवाडा सावरायलाय का नाही. सरांनी लॅपटॉप लावून ग्राफ दाखवले, रेषा वर चाललेली, बघायला बरं वाटलं 😄

मग आमचे शेजारचे काका उठले, खत-बियाण्याचं दुकान हाय त्यांचं. म्हणले सर, माझा ग्राफ ही उधारीची वही. सोयाबीनचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5328 रुपये, पण पावसानं काळं पडलेलं, ओलं सोयाबीन त्या भावात घेतंय कोण, शेतकरी मिळंल त्या भावात विकून मोकळा, मग माझी उधारी राहती, मी कंपनीचं थकवतो, आन् मोंढ्यात कापडवाल्याकडं गिऱ्हाईक नाही. पैसा असा फिरतो इकडं.

तरुण मॅडम होत्या त्या खरंच लिहून घेत होत्या, त्यांनीच तेलाचं काढलं, मे 2025 ला कच्च्या खाद्यतेलावरची मूळ कस्टम ड्युटी 20 वरून 10 टक्के केली, बाहेरचं तेल स्वस्त झालं की इथल्या सोयाबीनच्या भावावर दाब येणारच. हे मात्र पटलं.

एकजण म्हणला 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून प्यालो, आता पाण्यानंच बुडालो. सगळे हसले, हसण्यासारखं नव्हतं खरं तर.

चहा झाला, मी सरांना विचारलं परत कधी येणार, म्हणले रिपोर्ट मेल करतो. काकांकडं मेलच नाही.