सँक्शन

मागच्या आठवड्यात जिन्यात शेजारच्या बाई भेटल्या. पन्नाशीच्या, नोकरी सुटलेली, हातात सरकारी पत्र. म्हणाल्या, "आय हॅव बीन सँक्शन्ड." मी मनापासून म्हणालो, "काँग्रॅच्युलेशन्स!" त्यांचा चेहरा उतरला.

इथं इंग्लंडात बेकार माणूस ठरलेल्या भेटीला सबळ कारणाशिवाय गेला नाही, तर त्याचा भत्ता कापतात. त्यालाही सँक्शनच म्हणतात.

आपल्याकडं हा शब्द कसा येतो? कोल्हापुरात राजारामपुरीतल्या फ्लॅटचं लोन सँक्शन झालं तेव्हा बाबांनी गल्लीत पेढे वाटले होते. रजा सँक्शन, शेतीपंपाचं कनेक्शन सँक्शन. कानाला गोडच लागणार तो. तरी जीआरईच्या, म्हणजे परदेशी शिक्षणासाठीच्या प्रवेशपरीक्षेच्या वेळी रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसून मी रोज तीस शब्द घोकायचो, त्यात हाही होता. वहीत दोन्ही अर्थ आहेत: मंजुरी, निर्बंध. मुळातलं लॅटिन क्रियापदही लिहिलंय, एखादी गोष्ट पवित्र ठरवून कायम करणं. त्यातूनच कायद्याला मान्यताही आली आणि तो मोडल्याची शिक्षाही. सगळं पाठ होतं. जिन्यात मात्र बाबांचे पेढेच आठवले.

"तुझं इंग्रजी छान आहे हं," असं इथं कुणी म्हणालं की मला बोचतं. आमचं करवीर नगर वाचन मंदिर 1850 सालचं, राजाराम कॉलेज 1880 सालचं. इंग्रजी आम्हाला काल भेटलेलं नाही. आणि देणंघेणं एकतर्फीही नाही: त्यांचा 'मंगूज' आपल्या मुंगसावरूनच गेलाय, त्यांचेच शब्दकोश सांगतात.

पण त्या दिवशी हा अभिमान कामाला आला नाही. 'नाद खुळा' कुणी यादीत वाचून शिकला, तर ती शाबासकी आहे हे त्याला कसं कळावं? त्यासाठी तालमीच्या कट्ट्यावर बसावं लागतं. माझं इथं तेवढं बसणं झालेलं नाही.

संध्याकाळी पोहे घेऊन गेलो, माफी मागितली. त्यांनी आत बोलावलं, चहा टाकला आणि ते पत्र माझ्यापुढं ठेवलं. ओळीवर बोट ठेवून एकेक शब्द समजावत गेल्या, अजिबात न चिडता. 'हार्डशिप पेमेंट' तेव्हा कळलं: भत्ता कापलेल्याला घर चालवायला मिळणारी उसनवारी. ती पुढच्या भत्त्यातून परत वळती करतात.

त्या पेमेंटचा अर्ज आम्ही दोघांनी मिळून भरला. घरी येऊन जुनी वही काढली आणि 'निर्बंध' या शब्दापुढं पेन्सिलीनं त्यांच्या दाराचा नंबर लिहिला.