हाउसवाइफ नावाची गुंडाळी

मीटिंगला दहा मिनिटं होती आणि शर्टाचं दुसरं बटण हातात आलं. हॉटेलच्या खोलीतलं ते काड्यापेटीएवढं किट उघडलं. पुठ्ठ्याला गुंडाळलेले सहा रंगांचे दोरे, प्रत्येक जेमतेम हातभर. पांढरा चार टाक्यांत संपला. सुई वाकली ते वेगळंच.

सहकारी म्हणाला, "अरे, शिवत काय बसलायस? जॅकेटचं बटण लाव, कुणाला दिसतंय!"

दिसत नाही हे खरं. पण खटकलं.

दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश सैनिकांच्या सामानात शिवणाची एक कापडी गुंडाळी असायची. आत सुया, दोरा, बटणं, मोजे रफू करायला लोकर. तिचं नाव काय, तर 'हाउसवाइफ'! बंदूक धरणाऱ्या हातांनीच पुरुष बटणं लावायचे, आणि नाव मात्र गृहिणीचं. (नाव ठेवणाऱ्याला दंडवत.)

ती गुंडाळी पुन्हा पुन्हा उघडायची म्हणून दिलेली. माझं किट एका बटणापुरतं, तेही जमलं तर.

शेवटी पांढरं बटण काळ्या दोऱ्याने लावलं. जॅकेट घातलं नाही. दिवसभर माझी नजर तिथंच.

तुमच्यापैकी कुणाच्या बॅगेत अजून सुईदोरा असतो?